ब्रेकचा आवाज तीनदा दाखवूनही मूळ दोष न शोधल्याबद्दल आणि न केलेल्या कामाचे पैसे घेतल्याबद्दल तक्रार

वाई, जि. सातारा
दिनांक : १ सप्टेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, मुख्य कार्यालय

विषय : पुढच्या डाव्या चाकाच्या ब्रेकमधील दोष, सर्व्हिस सेंटरची हलगर्जी आणि रकमेचा परतावा

महोदय,

आपल्या कंपनीची छोटी पेट्रोल गाडी मी २०२१ पासून वापरत आहे. मी पाचगणीतील एका शाळेत शिकवते आणि राहायला वाईत आहे, त्यामुळे सकाळी पसरणीचा घाट चढणे आणि दुपारी तो उतरणे हाच या गाडीचा मुख्य उपयोग आहे. अंतर सुमारे १२ किलोमीटरच आहे, परंतु तेवढ्यात रस्ता ५०० मीटरांहून अधिक खाली येतो, आणि परतताना बहुधा दोन सहशिक्षिका माझ्याबरोबर असतात. ब्रेकच्या बाबतीत मी इतकी आग्रही का आहे, हे यावरून आपल्या ध्यानात यावे.

गाडीची प्रत्येक सर्व्हिसिंग मी आपल्या साताऱ्यातील अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच करून घेतली आहे. ७ जून २०२५ रोजी, ४६,००० किलोमीटरच्या सुमारास, पावसाळ्यापूर्वीची सर्व्हिसिंग झाली. त्या बिलात ‘ब्रेक क्लीनिंग व ग्रीसिंग’ या नावाखाली ६५० रुपये लावलेले आहेत, आणि सोबतच्या तपासणी तक्त्यात ‘पुढचे ब्रेक पॅड ६ मिमी, ठीक’ अशी नोंद आहे (पॅड म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर, म्हणजे लोखंडी तबकडीवर, दोन्ही बाजूंनी दाबल्या जाणाऱ्या पट्ट्या). या दोन नोंदी कृपया लक्षात ठेवाव्यात, कारण माझी सगळी तक्रार त्यांच्यापाशीच येऊन थांबते.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून ब्रेक हलका दाबला की पुढच्या डाव्या चाकातून बारीक, तीक्ष्ण, शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. २८ जूनला मी गाडी घेऊन ३५ किलोमीटर साताऱ्याला गेले. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरांनी गाडी न उघडताच सांगितले की पावसात डिस्कवर गंज धरतो, त्याने ब्रेक वाजतात, काळजीचे कारण नाही. पावसाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो हे मलाही ठाऊक आहे. पण तो खरखरीत आवाज सकाळी चार-सहा वेळा ब्रेक दाबले की निघून जातो. माझ्या गाडीचा आवाज सकाळी चढताना नव्हता, तो दुपारी उतरताना, ब्रेक तापल्यावर येत होता आणि घरी पोहोचेपर्यंत टिकत होता. हा फरक मी त्यांना समजावून सांगितला. त्यांनी सर्व्हिस सेंटरसमोरच्या सपाट रस्त्यावर एक फेरी मारली आणि जॉब कार्डवर ‘आवाज आढळला नाही’ असे लिहिले. यवतेश्वरचा घाट शहराला लागूनच आहे, तिथपर्यंत माझ्याबरोबर चला, अशी विनंती मी केली होती; ती मान्य झाली नाही.

१२ जुलैला मी पुन्हा गेले आणि चाक काढल्याशिवाय गाडी परत नेणार नाही असे सांगितले. तेव्हा पुढचे पॅड बदलावे लागतील असे ठरले आणि पॅड व मजुरी मिळून ३,१०० रुपये घेण्यात आले. काढलेले जुने पॅड मी मागून घेतले, आणि तिथेच मला पहिल्यांदा धक्का बसला. डाव्या चाकाच्या बाहेरच्या पॅडवर जवळपास ६ मिमी मसाला (पॅडचा झिजणारा थर) शिल्लक होता, तर आतल्या पॅडवर जेमतेम २ मिमी. नव्या पॅडवर तो सुमारे १० मिमी असतो. आतल्या पॅडला पत्र्याची एक लहान जीभ असते. मसाला दोन-तीन मिमी उरला की ती डिस्कला घासून मुद्दाम शिट्टी वाजवते, म्हणजे चालकाने पॅड तपासून घ्यावेत. दोन आठवड्यांपूर्वी ज्या आवाजाला आपल्या प्रतिनिधींनी पावसाचा परिणाम म्हटले, तो आपल्याच कंपनीने गाडीत बसवून दिलेला धोक्याचा इशारा होता.

आणि ७ जूनच्या तक्त्यातील ‘६ मिमी’ कोठून आले, हेही त्याच वेळी स्पष्ट झाले. ती जाडी बाहेरच्या पॅडची आहे, जो रिमच्या फटीतून नुसत्या नजरेला दिसतो. आतला पॅड पाहायचा तर चाक काढावे लागते. चाक काढले असते तर त्या दिवशी ‘ठीक’ असे कोणीही लिहिले नसते.

एकाच चाकातले, एकाच पेडलने दाबले जाणारे, एकाच घाटात वापरलेले दोन पॅड इतके कमी-जास्त का झिजले, हा प्रश्न मी तिथल्या तिथे विचारला. या रचनेत कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारी पकड, दोन पिनांवर सरकतो. पिस्टन आतल्या पॅडला ढकलतो आणि त्याच दाबाने कॅलिपर मागे सरकून बाहेरच्या पॅडला डिस्कवर ओढतो. पिन जॅम झाली तर कॅलिपर सरकत नाही, आतला पॅडच बहुतेक काम करतो आणि ब्रेक सोडल्यावरही डिस्कला घासत राहतो. असमान झीज पाहून पिना तपासायच्या, ही या कामातली पहिली पायरी आहे. मला मात्र उत्तर मिळाले की ‘मॅडम, तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरत असाल.’ मी घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरते. आणि क्षणभर माझी सवय वाईट आहे असे धरले, तरी त्या सवयीने दोन्ही चाके सारखीच झिजायला हवी होती. उजव्या चाकाचे दोन्ही पॅड एकसारखे होते.

नवे पॅड बसवल्यावर आवाज नऊ दिवस थांबला. त्यानंतर तो वेगळ्या रूपात, दबक्या करकरीसारखा परत आला; घाट उतरल्यावर डाव्या चाकापाशी जळका वास येऊ लागला आणि सरळ रस्त्यावर गाडी किंचित डावीकडे ओढू लागली. एकदा वाईत उतरल्यावर मी दोन्ही पुढच्या डिस्कवर पाण्याचे चार-चार थेंब टाकून पाहिले. उजवीकडचे ओघळून गेले, डावीकडचे चुर्र होऊन क्षणात उडाले. २ ऑगस्टच्या तिसऱ्या भेटीत हे सगळे मी लेखी दिले. त्या दिवशी पॅड पॉलिश पेपरने घासून परत बसवले गेले. बाकी काही झाले नाही.

अखेर २४ ऑगस्टला मी वाईतल्या एका खासगी मेकॅनिकना गाडी दाखवली. त्यांनी माझ्यासमोर कॅलिपर सोडवला. खालच्या पिनेचा रबरी बूट (पिनेवरचे आवरण) फाटलेला होता, पाणी आत जाऊन पिन गंजली होती, आणि ती हाताने हलेना. पान्याने फिरवून, ठोकून बाहेर काढावी लागली. तिच्यावर ग्रीसचा मागमूस नव्हता. अवघ्या १,२०० किलोमीटरमध्ये आतला नवा पॅड बाहेरच्यापेक्षा २ मिमीहून अधिक झिजला होता आणि त्याचा पृष्ठभाग तापून काचेसारखा गुळगुळीत झाला होता. डिस्कच्या आतल्या बाजूला चरे पडले होते, काही ठिकाणी निळसर डाग होते, आणि जाडी डिस्कवरच कोरलेल्या किमान मर्यादेच्या खाली गेली होती. ही मोजणी त्यांनी मायक्रोमीटरने केली. आपल्या सर्व्हिस सेंटरमध्ये तीन भेटींत ती एकदाही झाली नाही.

त्यांनी पिना साफ केल्या, नवे बूट घातले, तापमान सोसणारे सिलिकॉन ग्रीस लावले, आणि दोन्ही डिस्क, पॅड व क्लिपा बदलल्या. नंतर मेणवलीच्या सपाट रस्त्यावर ताशी ५० वरून १० किलोमीटरपर्यंत वेग हळूहळू कमी करायला लावून, मध्ये ब्रेक निवू देत, असे वीसेक वेळा करून नव्या पॅडची डिस्कवर पकड बसवून घेतली, आणि पहिले ३०० किलोमीटर अचानक जोराचा ब्रेक टाळायला सांगितले. जुलैत नवे पॅड बसवताना मला यातले एक अक्षरही सांगितले गेले नव्हते. या कामाला ७,२५० रुपये लागले, त्यांतील ३,९०० रुपये दोन डिस्कचे आहेत. आता गाडी आवाज करत नाही, ओढत नाही, आणि घाट उतरल्यावर दोन्ही चाके सारखीच तापतात.

तिथे काम करणाऱ्या तरुण मुलांवर माझा राग नाही. दिवसाला ठरावीक गाड्या बाहेर काढायच्या असतील, तर पिना काढून पाहायला त्यांना वेळ कोण देतो, हा प्रश्न व्यवस्थापनाचा आहे. पण ज्या पिनेवर ग्रीसचा थेंब नव्हता, तिच्या ग्रीसिंगचे ६५० रुपये माझ्याकडून घेतले गेले, ही गोष्ट मी सोडून देऊ शकत नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे की ७ जूनच्या बिलातील ६५० रुपये, १२ जुलैचे ३,१०० रुपये आणि डिस्कचे ३,९०० रुपये, असे एकूण ७,६५० रुपये मला परत मिळावेत. पॅड आणि बूट कधी ना कधी बदलावेच लागले असते, म्हणून मेकॅनिकच्या बिलातील उरलेली रक्कम मी मागत नाही. त्याबरोबरच ७ जूनची तपासणी प्रत्यक्षात कोणी आणि कशी केली, याचा लेखी खुलासा हवा आहे. आणि त्या पावसाळापूर्व सर्व्हिसिंगमध्ये ‘ठीक’ असा शेरा मिळालेल्या इतर गाड्यांचे आतले पॅड व पिना विनामूल्य पुन्हा तपासल्या जाव्यात. त्या गाड्याही याच पावसात महाबळेश्वरला, कासला, ठोसेघरला जात आहेत आणि त्यांच्या मालकांना आपल्या तक्त्यावर भरवसा आहे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

सर्व बिले, जॉब कार्ड, तपासणी तक्ता आणि छायाचित्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. दोन्ही वेळचे काढलेले पॅड, जुन्या डिस्क आणि फाटलेला बूट मी घरी जपून ठेवला आहे. आपल्या तांत्रिक प्रतिनिधींनी शाळेच्या कोणत्याही दिवशी दुपारी चारनंतर येऊन ते पाहावेत.

आपली विश्वासू,
एक ग्राहक, वाई