बोलावणे हळदीकुंकवाचे, पिशवी विक्रीच्या मालाची

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचा हळदीकुंकवाचा हंगाम नुकताच संपला. या काळात मला जी बोलावणी आली, त्यांतील तीन ठिकाणी तिळगूळ हातावर पडल्यानंतर पाचच मिनिटांत कोपऱ्यातील मोठी पिशवी उघडली गेली आणि डबे, बाटल्या, क्रीम, प्रोटीनची पावडर असा माल सतरंजीवर मांडला गेला. बोलावताना यांपैकी एकाही यजमानीणबाईंनी विक्रीचा शब्द काढलेला नव्हता. हे पत्र वाचून कोणी माझी गणना अशा विक्रीच्या विरोधकांत करू नये, कारण मी स्वतः गेली अकरा वर्षे जुळे सोलापूर भागात घरोघरी डेमो घेऊन स्वयंपाकघरातील डबे विकते आणि मुलीच्या शिक्षणाचा बराचसा खर्च त्यावर भागवते. माझी तक्रार विक्रीबद्दल नसून त्या विक्रीसाठी पाहुण्यांना ज्या रीतीने बोलावले जाते त्या रीतीबद्दल आहे आणि त्या रीतीत मीही एकेकाळी सामील होते.

नऊ वर्षांपूर्वी आमच्याच कॉलनीतील एका वहिनींनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बावीस जणींना बोलावले आणि वाण लुटून झाल्यावर मी डेमो करायचा, असे आम्ही दोघींनी आधी ठरवले होते. बायका हळदीकुंकवाला जाताना पर्स नेत नाहीत, फार तर रुमाल आणि घराची किल्ली नेतात, हे ठाऊक असूनही आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही. माझी ऑर्डरची वही हातोहात फिरू लागली. एक वयस्क आजी बराच वेळ वही मांडीवर घेऊन बसल्या, मग शेजारणीने लिहिले म्हणून त्यांनीही तीनशे चाळीस रुपयांच्या पाण्याच्या बाटलीपुढे खूण केली. पदराच्या टोकाची गाठ सोडून त्यांनी पन्नासच्या दोन नोटा आणि दहाच्या तीन नोटा माझ्यापुढे ठेवल्या आणि उरलेले पुढच्या आठवड्यात देते, असे हळू आवाजात सांगितले. पुढचे दोन महिने त्या मला सकाळी दुधाच्या केंद्रावर पाहिले की रस्ता ओलांडून पलीकडे जात. अखेर उरलेले पैसे त्यांनी नातीच्या हाती पाठवले, तेही दहा-दहाच्या नोटांत. ती बाटली त्यांच्या घरी वापरात असलेली मी कधीच पाहिली नाही. पुढच्या संक्रांतीला त्या वहिनींकडे फक्त सहा जणी आल्या आणि ते वर्ष खरोखरच निव्वळ हळदीकुंकवाचे होते.

ही पद्धत आपल्याकडे आली ती अमेरिकेतून. अर्ल टपर यांनी १९४६ साली बाजारात आणलेले प्लास्टिकचे डबे दुकानांत पडून राहत, कारण झाकण दाबून आतील हवा कशी बाहेर काढायची हे गिऱ्हाइकाला कोणीतरी हाताने करून दाखवावे लागे. ब्राउनी वाइज या बाईंनी ते काम घरगुती मेळाव्यांतून करून दाखवले आणि १९५१ मध्ये त्या कंपनीने दुकानांतून माल काढून घेऊन सगळी विक्री अशा घरगुती पार्ट्यांकडे वळवली. टपरवेअर भारतात १९९६ मध्ये आली आणि पुढे इतर अनेक कंपन्यांनी हीच वाट धरली. त्या मूळ पद्धतीत एक गोष्ट स्पष्ट होती, ती म्हणजे येणारीला आपण कशाला चाललो आहोत हे माहीत असे. आपण इकडे ती पद्धत घेतली, पण तिला हळदीकुंकू, भिशी, डोहाळजेवण अशा आधीच तयार असलेल्या मेळाव्यांत बसवले, कारण तिथे बायका जमवण्याचे कष्ट पडत नाहीत.

कायद्याची बाजू सांगायची तर केंद्र सरकारने २८ डिसेंबर २०२१ रोजी ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१ अधिसूचित केले. त्यांनुसार विक्रेत्याने विक्रीचे बोलणे सुरू करतानाच, कोणी विचारण्याची वाट न पाहता, आपली ओळख, कंपनीचे नाव, मालाचे स्वरूप आणि आपला हेतू खरेपणाने सांगायचा असतो. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा संमती घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचे नसते. आता घरगुती डेमोत गंमत अशी होते की विक्रेती ग्राहकाच्या घरी जातच नाही; ग्राहकच चालत तिसरीच्या घरी येते. त्यामुळे दारावर येणाऱ्या विक्रेत्याला जी संमती आधी घ्यावी लागते, ती इथे कोणीच कोणाकडून घेत नाही. माझ्या मते इथे आमंत्रण हीच ती संमती मानायला हवी. आमंत्रणात विक्री लिहिलेली असेल आणि बाई आली, तर ती राजीखुशीने आली. लिहिलेली नसेल, तर तिची संमती चहाला होती, मालाला नव्हती.

गेली सात-आठ वर्षे माझ्या डेमोचे आमंत्रण मी यजमानीणबाईंना स्वतः लिहून देते आणि त्यांनी ते त्यांच्याच नावाने, त्यांच्याच फोनवरून, एकेकीला वेगळे पाठवावे असा आग्रह धरते. मजकूर साधारण असा असतो : ‘गुरुवारी दुपारी चार ते साडेपाच माझ्याकडे स्वयंपाकघरातील डब्यांचा डेमो आहे. वस्तू विक्रीला आहेत, किमती दीडशे ते बाराशे रुपयांपर्यंत आहेत, घेतल्याच पाहिजेत असे नाही. विक्री झाली तर मला कंपनीकडून एक भेटवस्तू मिळेल. यायचे असल्यास बुधवारपर्यंत कळवा, जमत नसल्यास तसेही कळवले तरी चालेल.’ यांतील भेटवस्तूच्या वाक्यावर बहुतेक यजमानीणबाई अडतात. मैत्रिणींच्या खरेदीवर आपल्याला काही मिळते हे उघड करायला त्यांना संकोच वाटतो. परंतु ते नंतर कळतेच, आणि नंतर कळले की चहाच्या पावडरीपासून सगळ्याचा हिशेब होतो.

माझ्या सहकारी मैत्रिणींचा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे की एवढे स्पष्ट लिहिल्यावर येणार कोण. येणाऱ्या कमी होतात, हे मी मान्य करते. पूर्वी वीस जणींना सांगितले की पंधरा येत, आता सात-आठ येतात. मात्र आमच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये सात-आठ जणींनाच झाकणाची कड नीट दिसते, मागे बसलेल्या आपापसांत सुनांविषयी बोलू लागतात आणि डेमोचा बोऱ्या वाजतो. शिवाय येणारी बाई घरून माप घेऊन येते, फ्रिजच्या दारात कोणती बाटली बसेल ते विचारते, आणि ऑर्डर लिहिल्यावर मागाहून फोन करून रद्द करत नाही. रद्द झालेल्या ऑर्डरचे डबे पदरात घेऊन बसण्याचा अनुभव या धंद्यातील प्रत्येकीला आहे, त्यामुळे याचे मोल मी वेगळे सांगायला नको.

कोणाला बोलावू नये, हा प्रश्न मला कोणाला बोलवावे यापेक्षा अवघड वाटतो. जी नाही म्हणू शकत नाही तिला विक्रीच्या कार्यक्रमाला बोलावणे मी टाळते. घरी धुणेभांडी करणारी मावशी, भाडेकरूची सून, शिकवणीला येणाऱ्या मुलांच्या आया, नवऱ्याच्या हाताखाली काम करणाऱ्यांच्या बायका, या सगळ्यांना आमंत्रण हे आमंत्रण राहत नाही. एका घरी यजमानीणबाईंनी कामवाल्या मावशींना कौतुकाने सर्वांसोबत बसवले. त्यांनी सर्वांत स्वस्त डबा घेतला आणि त्याचे पैसे पगारातून वळते झाले, हे मला महिन्याने समजले. तेव्हापासून यादी करताना मी यजमानीणबाईंजवळ बसते आणि अशा नावांपाशी थांबते. उलट एक गोष्ट मला या उघड आमंत्रणाची फार आवडते. हळदीकुंकवाला विधवा बाईला बोलावायचे की नाही यावरून अजूनही काही घरांत कुजबुज होते. डेमोच्या आमंत्रणाला असा प्रश्नच उद्भवत नाही, आणि माझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांतील सर्वांत चोखंदळ अशा दोघी याच वाटेने माझ्याकडे आल्या आहेत.

आपल्या शहरात वेळ निवडणे हेही आमंत्रणाचेच अंग आहे आणि बाहेरगावच्या प्रशिक्षकांना ते कधी समजत नाही. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते, आणि भवानी पेठेतला पाण्याचा दिवस वेगळा, विजापूर रोडचा वेगळा. पाण्याच्या दिवशी बोलावले तर बाई येत नाही, आणि आली तरी तिचे लक्ष घरच्या टाकीकडे असते. त्यामुळे तारीख ठरवताना ज्यांना बोलवायचे त्यांच्या भागातले पाणी कधी सुटते हे मी आधी विचारते. गड्ड्याच्या दिवसांत तर सिद्धेश्वरांच्या यात्रेमुळे घरोघरी पाहुणे असतात, तेव्हा डेमो ठेवूच नये. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी चार ही वेळ सोडून साडेसहा करावी लागते. पूर्व भागात विडी वळणाऱ्या बायका विड्या कारखान्यात जमा करून परत आल्याखेरीज मोकळ्या होत नाहीत. तिथे छापील मराठी निरोपापेक्षा यजमानीणबाईंनी तेलुगूत, अक्का म्हणून, दारात उभे राहून केलेले बोलावणे खरे. तिथेही विक्री आहे हे सांगायचे असतेच, आणि ते तेलुगूतही एका वाक्यात सांगता येते.

फोन नंबरांबद्दल मला थोडे कडक बोलायचे आहे. डेमोला आलेल्यांचे नंबर लकी ड्रॉच्या चिठ्ठ्यांवर लिहून घ्यायचे आणि रात्री सगळ्यांना न विचारता एका व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घालायचे, ही सवय सर्रास झाली आहे. ग्राहकाने दिलेली खासगी माहिती जपण्याची जबाबदारी विक्रेत्यावर आहे. शिवाय एका बाईचा नंबर पन्नास अनोळखी माणसांपुढे ठेवणे हे तिला डेमोच्या चहात सांगितलेले नसते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाणी, वीज आणि लिफ्ट यांखेरीज कॅटलॉग टाकू नये, असे आम्ही ठरवून घेतले आहे. मीही तो नियम पाळते, जरी एखादा नवा डबा आला की हात शिवशिवतो.

याहून गंभीर प्रकार म्हणजे माल विकण्याच्या नावाने माणसे जोडण्याची बैठक भरवणे. मागच्या वर्षी एका नातेवाईक बाईंनी मला ‘सहज चहाला ये, एक सरप्राइज आहे’ असे सांगून सात रस्त्याजवळच्या एका हॉलवर नेले. तिथे दोन तास पडद्यावर गाड्यांचे आणि परदेशी सहलींचे फोटो दाखवले गेले, मालाची एकही वस्तू हातात दिली गेली नाही आणि शेवटी आपण आणखी किती जणींना आणू शकाल, एवढेच विचारले गेले. थेट विक्रीच्या नियमांत पिरॅमिड योजना आणि पैसे फिरवण्याच्या योजना स्पष्टपणे निषिद्ध आहेत. माल कोणता आणि त्याची परतीची अट काय, हे आमंत्रण देणारीला एका वाक्यात सांगता येत नसेल, तर त्या बोलावण्याला जाऊ नये; आणि फसवणूक झालीच असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो.

आपल्या दैनिकात शहरातील कार्यक्रमांच्या सदरात महिला मंडळांच्या हळदीकुंकवाच्या आणि मेळाव्यांच्या सूचना छापून येतात. माझी विनंती एवढीच आहे की अशी सूचना स्वीकारताना कार्यक्रमात वस्तूंची विक्री आहे किंवा नाही, हे आयोजकांना विचारावे आणि असल्यास ‘विक्रीसह’ हा एक शब्द सूचनेत घालावा. जागा फार लागणार नाही. मंडळांच्या अध्यक्ष भगिनींनीही आपले सभागृह विक्रेतीला देताना हीच अट घालावी. येत्या गुरुवारच्या माझ्या डेमोसाठी पंधरा जणींना निरोप गेले आहेत. चौघींनी नाही म्हणून कळवले आहे आणि एकीने ‘डबे नकोत, पण चहाला येते’ असे लिहिले आहे. तिची खुर्ची धरलेली आहे.

पत्राखाली माझे नाव छापू नये, ही विनंती. नाव आले तर वर उल्लेख केलेल्या आजी कोण, हे आमच्या कॉलनीत लगेच ओळखले जाईल.

आपली विश्वासू,
एक गृहविक्रेती, जुळे सोलापूर