मायग्रेनचा लेख आणि त्याखालची उशी

मा. संपादक,
स.न.

काल रविवारच्या पुरवणीत मायग्रेनच्या चुंबकीय उपचारावरचा लेख वाचला. संध्याकाळपर्यंत राग आवरला, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण ज्या गोंधळात माझे पंचवीस हजार गेले तोच गोंधळ तुमच्या लेखात आहे.

मला सव्वीस वर्षं अर्धशिशीचा त्रास आहे, तोही ऑरावाला, दुखायच्या आधी डोळ्यांसमोर काहीतरी दिसतं तसा. म्हणजे दहावीचे पेपर तपासायला बसले, २७ गुण लिहिले आणि त्यातला ७ दिसेनासा झाला, की समजायचं. मग तिथेच टाचणीच्या डोक्याएवढी चमचमती नागमोडी रेघ उठते आणि वीस मिनिटांत अख्खं पान व्यापते. त्यानंतर अर्धं डोकं ठणकायला लागतं. मेंदूच्या मागच्या भागात मिनिटाला साधारण तीन मिलिमीटर अशा गतीने एक लाट सरकते म्हणून असं दिसतं, आणि हातात धरायचं जे मशीन आहे ते या लाटेसाठी आहे. ऑरा सुरू झाला की तासाभराच्या आत ते डोक्याच्या मागे धरून अर्ध्या मिनिटाच्या अंतराने दोन चुंबकीय झटके द्यायचे. क्लिनिकमधलं मशीन वेगळं. तिथे खुर्चीत बसवतात, कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, डोक्याच्या डाव्या बाजूला पुढे ठेवतात आणि टकटकटक असे शेकडो झटके, अशी अनेक सिटिंग्ज. तुमच्या लेखात ही दोन्ही एकच होऊन बसलीत!

मी पहिल्याचं कौतुक ऐकून दुसऱ्याला गेले. पेसमेकर आहे का, फिट येते का, डोक्यात धातू आहे का, हे सगळं विचारलं (तुमच्या लेखात तर तेवढंही नाही), पण दुखायच्या आधी डोळ्यांसमोर काही दिसतं का, हे एकाही सिटिंगला कुणी विचारलं नाही. दर झटक्याला कपाळावर टिचकी बसायची, डावी पापणी फडफडायची, तेही सोसलं. सहाव्या सिटिंगच्या दुसऱ्या दिवशी भाचीचा साखरपुडा होता आणि मी हॉलच्या भांड्यांच्या खोलीत अंधार करून ओला रुमाल डोळ्यांवर घेऊन पडलेले. दहा सिटिंग्ज झाल्यावर, पैसे भरून झाल्यावर मग सांगितलं की सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. हे आधी सांगायला काय झालं होतं?

मी उपचाराच्या विरोधात नाही, उलट तो इथल्या लोकांना नीट मिळावा असं मनापासून वाटतं. पण आकडे छापा ना. २०१० साली अमेरिकेत हातातल्या मशीनची चाचणी झाली, त्यात दोन तासांनी दुखणं पूर्ण थांबलं ते ३९ टक्के लोकांचं, आणि ज्यांना झटका न देणारं खोटं मशीन दिलं होतं त्यांच्यातही २२ टक्के. फरक आहे, पण 'शंभर टक्के आराम' हे तुम्ही कुठून आणलं? २०१३ मध्ये तिकडे परवानगी मिळाली ती आधी ऑरावाल्या मोठ्या माणसांसाठीच. क्लिनिकवाल्या प्रकाराचा आपल्याकडे लखनौच्या संजय गांधी इन्स्टिट्यूटमध्ये १०० पेशंटवर अभ्यास झालाय, तीन सिटिंग्जनंतर महिन्याभराने चांगला फरक दिसला, तो खरा बातमीचा विषय होता आणि त्याचा एका ओळीत उल्लेख नाही.

आणि अजून एक. त्याच लेखाखाली पाव पान चुंबकीय उशीची जाहिरात. मी पंधरा वर्षं शाळेत शिकवतेय की चुंबकीय क्षेत्र बदललं तरच वीज निर्माण होते, फॅरेडेने हे १८३१ मध्ये दाखवलं. मशीनच्या झटक्यात ते क्षणात बदलतं; उशीतला चुंबक मात्र आहे तिथेच पडून असतो, त्याने मेंदूत काही होत नाही. पण आज सकाळी साडेसातला शेजारच्या काकूंचा फोन, "अगं, तुझ्या डोकेदुखीवरची उशी पेपरात आलीये, मागवू का?" त्यांनी लेख आणि जाहिरात एकच समजून वाचली, आणि दोन्हीच्या मध्ये साधी रेघसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती छापा. काकूंना मी नको म्हणून सांगितलंय, पण पेपरात आलंय म्हटल्यावर त्या माझं कशाला ऐकतील.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, सातारा