अल्माग्रोहून बाळ्याला

अल्माग्रो, स्पेन

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

माद्रिदला आल्यापासून ‘तिकडचं नाटक पाहिलंस का’ म्हणून तू माझ्यामागे लागला आहेस. तेव्हा दक्षिणेला दोनशे किलोमीटर खाली येऊन हे पत्र लिहितोय. अल्माग्रो म्हणजे ला मांचाच्या सपाट माळावरचं नऊएक हजार वस्तीचं गाव. पण इथे 1628 सालचं नाट्यगृह उभं आहे आणि त्यात आजही प्रयोग होतात. सांगलीत भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ झालं 1843 साली. आता तूच हिशेब कर.

कोर्राल दे कोमेदियास त्याचं नाव. लिओनार्दो दे ओव्हिएदो नावाच्या पाद्र्याने ते पदरमोड करून उभारलं. (हो, पाद्र्याने!) बांधणी थेट आपल्या वाड्याच्या चौकासारखी: मधे उघडं अंगण, भोवती लाकडी सज्जे, एका बाजूला रंगमंच आणि खांब गेरूने रंगवलेले. प्रयोग दिवसाउजेडी चालत. अंगणात साधे पुरुष उभ्याने बघत आणि नाटक पडलं की गोंधळ घालून नटांची पळता भुई थोडी करत. पैसेवाल्यांना वर खोल्या. मध आणि मसाले घातलेलं सरबत विकायलाही वेगळी जागा होती, म्हणजे मध्यंतरातला वडा हा काही आपलाच शोध नव्हे.

बायकांना मात्र वेगळा सज्जा, त्याचं नाव कासुएला. पुरुषांत मिसळायची सोय नाही. गंमत अशी की स्पेनमध्ये रंगमंचावर बायकांना 1587 पासूनच परवानगी होती. आपल्याकडे बालगंधर्वांच्या काळातही स्त्रीभूमिका पुरुषच करत होते. इथे नटी चालायची, पण प्रेक्षक बाई वेगळी बसवायची. मला तर यांचं कोडं आपल्यापेक्षा अवघड वाटलं.

हे टिकलं कसं, ते ऐक. अठराव्या शतकात इथली नाटकं थांबली आणि जागेची खाणावळ-धर्मशाळा झाली. रंगमंच बुजला, लोक विसरले. 1950 च्या दशकात डागडुजी करताना तो पुन्हा सापडला, 1954 साली प्रयोग झाला आणि पुढच्याच वर्षी वास्तू राष्ट्रीय स्मारक ठरली. आपण गावातलं जुनं थिएटर वाचवायला सह्या गोळा करत हिंडलो होतो, आठवतं? शेवटी ‘नूतनीकरण’ या गोंडस नावाखाली ते गेलंच. अल्माग्रोचं वाचलं, कारण नूतनीकरण करण्याजोगं तिथे काही आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

नाट्यगृह आहे मुख्य चौकाच्या कडेलाच. चौक लांबट, दोन्ही अंगांना दगडी खांबांच्या ओवऱ्या, त्यावर हिरव्या चौकटींच्या काचेच्या खिडक्यांची रांग. स्पेनमध्ये असं सहसा दिसत नाही. त्याचं नातं उत्तरेकडून आलेल्या सावकारांशी जोडतात. जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या फुगर घराण्याने स्पेनचा राजा पाचव्या कार्लला पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राटपदाच्या निवडणुकीसाठी 1519 साली प्रचंड कर्ज दिलं. फेडीपोटी त्यांना इथल्या कालात्राव्हा या लढाऊ धर्मसंघाच्या जमिनींचं उत्पन्न आणि अल्मादेनची पाऱ्याची खाण मक्त्याने मिळाली. पुढे हाच पारा अमेरिकेत चांदी शुद्ध करायला जाऊ लागला. त्यांचं वखारघर अजून उभं आहे. विटांचं, आत शांत चौक, बाहेरून बघशील तर वळून दुसऱ्यांदा बघणार नाहीस.

चौकात घोड्यावरचा दिएगो दे अल्माग्रोही आहे. पेरू जिंकणाऱ्या पिसारोचा भागीदार. चिलीपर्यंत गेला, हात हलवत परतला, मग पेरूतल्या कुझ्को शहराच्या मालकीवरून पिसारो बंधूंशी लढला आणि 1538 साली त्यांनी त्याला मारलं. तीन वर्षांनी त्याच्या मुलाच्या माणसांनी पिसारोला संपवलं. गावाला त्याचा अभिमान आहे. मी पुतळ्यापाशी फार रेंगाळलो नाही.

खाण्याचं सांगायलाच हवं: इथे वांग्याचं लोणचं करतात. छोटी हिरवी वांगी, सिरका, जिरं, लसूण, आत लाल मिरचीचा तुकडा आणि सगळं बडीशेपेच्या काडीने टोचून बंद. वांगं मूळचं आपल्याकडचंच, अरबांबरोबर इथवर आलं. तरी आपल्या कृष्णाकाठच्या भरल्या वांग्याची सर नाही, हे मी इथे कुणाला बोललो नाही.

1978 पासून दर जुलैत इथे अभिजात नाटकांचा महोत्सव भरतो, लोपे दे वेगा, काल्देरोन वगैरे जुन्या स्पॅनिश नाटककारांच्या. पुढच्या जुलैत ये. भाषा समजणार नाही म्हणून कारणं सांगू नकोस. तू कन्नड नाटकं बघतोस ती काय समजून बघतोस? येताना गोडा मसाला आण. आणि तुमच्या तालमीचं काय झालं ते सविस्तर लिही, फोनवर नुसतं ‘चाललंय’ म्हणतोस.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
नंदू