ट्रंकेतले बेचाळीस कागद

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, हे तूच वाचून दाखव, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांनी अजून डोळ्यांवर ताण द्यायचा नाही. बाबा, रागवा, पण पूर्ण ऐकून. ट्रंकेतली तुमची घराच्या आतली जलरंगातली अभ्यासचित्रं, सगळे 42 कागद, मी पुण्याला आणले आहेत. विचारलं असतं तर "ती नुसती तयारी" म्हणाला असतात आणि आणखी एक पावसाळा गेला असता.

नुसती तयारी कशी? व्हॅन गॉगनं 1884 मध्ये हॉलंडमधल्या नुएनेन गावच्या विणकरांची घरं जलरंगात रंगवली, ती आज संग्रहालयांत जपली जातात. तुमच्या माजघरात काचेच्या कौलातून पडलेला कवडसा म्हणजे कोरा सोडलेला कागद आहे. मोठ्या तैलचित्रात तिथे पांढरा चढवावा लागला. चुलीमागची काजळी तयार काळ्यानं नाही, बर्न्ट अंबरच्या तपकिरीनं आणि अल्ट्रामरीनच्या निळ्यानं आली आहे. वैलाजवळ ओल्यावर रंगाचा दुसरा हात बसून रंग फुलला, ती तुम्हाला चूक वाटते. मला तिथे भाताची वाफ दिसते, लहानपणीही दिसायची.

ट्रंकेत खाली वर्तमानपत्र होतं. त्याच्या आम्लानं कागदाच्या कडा पिवळ्या पडल्यात. सेलोटेपचा गोंद तपकिरी होऊन आत मुरलाय. कागदावरच्या सरसासाठी कसर लागते, आणि हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांवर राहिली की बुरशी. डांबरगोळ्यांनी बुरशी थांबत नाही, आई, तू दरवर्षी मनापासून घालत होतीस तरी.

इथे बुरशी आधी पूर्ण सुकू देते, मग मऊ ब्रशनं हलकेच झाडते. ओला बोळा अजिबात नाही, रंग उचलला जातो. वाकलेले कागद टिपकागदांच्या मध्ये काचेखाली, टिपकागद रोज बदलायचा. मग आम्लरहित पुठ्ठ्यात, जपानी कागदाच्या बिजागऱ्या गव्हाच्या खळीनं लावून, म्हणजे पुढे कधीही पाण्यानं सोडवता येतील. चित्र मोठं करण्यासाठी तुम्ही पेन्सिलीनं आखलेल्या चौकटी तशाच राहतील. खोडरबर लावणार नाही, शप्पथ.

उतरंडीचं चित्र मुद्दाम ठेवून आले, तुला भिंत रिकामी दिसू नये म्हणून. पण ते खिडकीसमोरून काढून आतल्या भिंतीला लावा, आजच. लुगड्याचा लाल ॲलिझरिन क्रिमसन आहे, उजेडानं उडतो. उजेडानं जलरंग फिके पडतात हे रसेल आणि ॲबनी या शास्त्रज्ञांनी लंडनमध्ये 1888 सालीच दाखवून दिलं होतं. भिंत आणि फ्रेम यांत बुचाचे तुकडे घाला, ओल लागत नाही.

बाबा, आता एक ऐकाच. मोतीबिंदूचं पिकलेलं भिंग पिवळट असतं. ते निघाल्यावर निळा जास्त निळा दिसतो. म्हणून उतरंडीच्या चित्रावर ब्रश लावू नका. चित्र बिघडलेलं नाही, तुमचा डोळा चांगला झालाय. नवे कागद मात्र हवे तेवढे रंगवा, 300 जीएसएमचे जाड असे दहा पाठवते आहे. डॉक्टर हो म्हणाले की मगच. तोवर थेंब वेळेवर, डोळा चोळायचा नाही, चुलीच्या धुराजवळ बसायचं नाही. आई, आंघोळीचं पाणी गॅसवरच तापव, चार दिवस चूल राहू दे.

दिवाळीला सगळे कागद पेटीतून परत आणते. पेटी माडीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवू. मागे पेन्सिलीनं खोली आणि साल लिहिते आहे. सात कागदांवरची खोली मला ओळखू येत नाही. एकात दळायचं जातं आहे आणि मागे दोन कोनाडे. रविवारी फोनवर वर्णन करीन, बाबांनी सांगायचं आणि आई, तू वहीत लिहून ठेव.

तुमची,
छकुली