निवृत्तांच्या बचत खात्यातून कापले जाणारे शुल्क

महोदय,

मी निवृत्त झालो तेव्हा माझ्याकडे तीन पासबुके होती: एक पगाराच्या खात्याचे, एक निवृत्तिवेतन जमा होणाऱ्या खात्याचे आणि एक पत्नीबरोबरच्या संयुक्त खात्याचे. पगाराचे खाते बंद करायचे राहून गेले, कारण त्यात थोडीच रक्कम होती आणि ती तिथे पडून राहिली तरी बिघडणार नाही, असे मी धरून चाललो होतो. दीड वर्षाने पासबुक भरून आणले तेव्हा खात्यात काहीच उरले नव्हते. किमान शिल्लक नसल्याचा दंड, एटीएम कार्डाचे वार्षिक शुल्क, एसएमएसचे शुल्क आणि या प्रत्येकावर १८ टक्के जीएसटी अशा नोंदींनी पान भरले होते. त्यानंतर परिचयातील बऱ्याच निवृत्तांची पासबुके मी त्यांच्याबरोबर बसून वाचली आणि नोंदी कमीअधिक प्रमाणात त्याच निघाल्या, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पगाराच्या खात्याला किमान शिल्लकीची अट नसते, ही सवलत पगार जमा होत असेपर्यंतच असते, हे निवृत्तीच्या दिवशी कोणी सांगत नाही. पगार येणे थांबल्यावर काही महिन्यांतच बँक त्या खात्याचे साध्या बचत खात्यात रूपांतर करते आणि तिथून दंड सुरू होतो. खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने काही व्यवहार केला नाही, तर ते निष्क्रिय ठरते, आणि निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लकीचा दंड लावता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा १ एप्रिल २०२४ पासून लागू असलेला नियम आहे. ते पुन्हा चालू करण्यासाठीही शुल्क घेता येत नाही. मात्र ती दोन वर्षे पुरी होण्याआधीच लहान शिल्लक संपलेली असते. म्हणून निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यातच पगाराचे खाते एकतर बंद करावे किंवा त्याच बँकेत निवृत्तिवेतन खात्यात बदलून घ्यावे. बंद करण्यापूर्वी त्यातून विम्याचा हप्ता, वीजबिल किंवा म्युच्युअल फंडाचा हप्ता आपोआप वळता होत नाही ना, हे पाहून घ्यावे, कारण रिकाम्या खात्यातून हप्ता परत गेला की त्याचेही वेगळे शुल्क लागते.

किमान शिल्लकीच्या दंडाबाबत रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१४ मध्ये काढलेले आणि १ एप्रिल २०१५ पासून अमलात आलेले परिपत्रक प्रत्येक निवृत्ताला ठाऊक असायला हवे. शिल्लक कमी झाल्याचे बँकेने खातेदाराला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवले पाहिजे, ती भरून काढण्यासाठी किमान एक महिना दिला पाहिजे, दंड जितकी रक्कम कमी पडली असेल त्या प्रमाणातच असला पाहिजे, आणि केवळ या दंडामुळे खाते उणे शिल्लकीत जाता कामा नये. माझ्या बाबतीत सूचना गेली होती, पण ती मी कधीच परत केलेल्या कार्यालयीन मोबाइल क्रमांकावर. निवृत्तीबरोबर मोबाइल क्रमांक, पत्ता आणि ईमेल बदलतो, याचा विचार ना बँक करते ना आपण. हे तीन तपशील लेखी अर्ज देऊन बदलून घेणे आणि अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का घेणे हा दहा मिनिटांचा उपाय आहे.

अनेकांना दंड लागतो तो हिशेबाची रीत माहीत नसल्यामुळे. बऱ्याच बँका शिल्लक मोजतात ती महिन्याची सरासरी म्हणून, म्हणजे रोज दिवसअखेरीस जी शिल्लक असते तिची बेरीज करून तिला दिवसांच्या संख्येने भागतात. समजा, अट सरासरी ३,००० रुपयांची आहे आणि २५,००० रुपये निवृत्तिवेतन जमा झाल्यावर एकच दिवस खात्यात ठेवून सगळे काढून घेतले, तर तीस दिवसांच्या महिन्यात सरासरी येते ८३३ रुपये आणि दंड लागतो. तेच पैसे चार दिवस खात्यात राहिले तर सरासरी ३,३३३ रुपये होते आणि काही लागत नाही. निवृत्तिवेतन जमा झाल्याबरोबर सर्व रक्कम मुदत ठेवीत टाकण्याची किंवा मुलाच्या खात्यात पाठवण्याची सवय असणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

ज्यांना ही कटकटच नको आहे त्यांच्यासाठी मूलभूत बचत ठेव खाते आहे. त्याला किमान शिल्लकीची अट नाही, एटीएम कार्ड मोफत आहे, पैसे भरण्यावर मर्यादा नाही आणि महिन्यातून किमान चार वेळा पैसे मोफत काढता येतात. हे खाते केवळ गरिबांसाठी आहे असे शाखेत सांगितले जाते, ते खरे नाही. वयाची वा उत्पन्नाची अट न ठेवता ते कोणालाही उघडता येते. एवढेच की त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. घरखर्चाचे पैसे महिन्यातून एकदोनदाच काढणाऱ्या निवृत्तासाठी माझ्या मते याहून सोयीचे खाते नाही, आणि तरीही ते स्वतःहून सुचवणारा कर्मचारी मला अद्याप भेटलेला नाही.

भारतीय स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये बचत खात्यांवरील किमान शिल्लकीची अट काढून टाकली आणि २०२५ च्या जूनपासून कॅनरा बँकेनेही तोच निर्णय घेतला. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेच्या लाभार्थींनी याचा विचार जरूर करावा. त्यांचे किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपयेच आहे, त्यामुळे दोनतीन शुल्के एका महिन्यात आली तर औषधांना पैसे उरत नाहीत. जानेवारी २०२५ पासून या योजनेचे निवृत्तिवेतन देशातील कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत घेता येते, म्हणजे दंड लावणाऱ्या बँकेशी बांधून राहण्याचे कारण उरलेले नाही.

एटीएमचे शुल्क टाळणे त्या मानाने सोपे आहे. स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्यातून पाच व्यवहार मोफत असतात, दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महानगरांत तीन आणि इतरत्र पाच. त्यानंतर १ मे २०२५ पासून प्रत्येक व्यवहाराला कर सोडून २३ रुपयांपर्यंत आकारता येतात. नुसती शिल्लक पाहणे हाही व्यवहार धरला जातो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मोबाइलवरून किंवा इंटरनेटवरून एनईएफटीने पैसे पाठवायला बचत खातेदारांना जानेवारी २०२० पासून शुल्क नाही, पण तेच काम शाखेत जाऊन केले तर लागू शकते. ज्यांचा हात मोबाइलवर बसलेला नाही त्यांनाच अधिक पैसे मोजावे लागतात, ही गोष्ट मला मनापासून खटकते.

माझे खरे गाऱ्हाणे याच्या पुढचे आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये दिलेल्या सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की केवायसी पूर्ण असलेले खाते जन्मतारखेच्या नोंदीवरून आपोआप ज्येष्ठ नागरिक खात्यात बदलले जावे आणि वर्षाला किमान २५ धनादेश, मागितल्यावर, मोफत द्यावेत. जन्मतारीख बँकेच्या संगणकात असतेच. दंड कापायला संगणकाला कोणाचा अर्ज लागत नाही. सवलत द्यायची वेळ आली की मात्र सत्तरीतल्या माणसाला रांगेत उभे राहून अर्ज भरावा लागतो. सरकारने २०२४ मध्ये लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत किमान शिल्लकीच्या दंडापोटी सुमारे ८,५०० कोटी रुपये गोळा केले. यात ज्यांच्याकडे ठेवायला शिल्लकच नव्हती अशांचे पैसे किती, हा प्रश्न बँकांनी स्वतःला विचारायला हवा.

चुकीचे शुल्क कापले गेले असेल तर तोंडी विनंतीवर थांबू नये. शाखा व्यवस्थापकाकडे तारीख आणि रक्कम नमूद करून लेखी तक्रार द्यावी; ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधानकारक आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. मी बँकेला २०१४ च्या परिपत्रकाचा उल्लेख करून पत्र दिले, सूचना मला मिळालीच नव्हती हे दाखवून दिले, आणि पाच आठवड्यांनी किमान शिल्लकीच्या दंडाची रक्कम जीएसटीसह परत जमा झाली. कार्डाचे शुल्क परत मिळाले नाही, कारण ते कार्ड मी वेळेत परत केले नव्हते आणि ती चूक माझीच होती.

आपल्या वृत्तपत्राने शहरातील प्रमुख बँकांची शुल्के, विशेषतः निवृत्तिवेतन खात्यांची, वर्षातून एकदा मोठ्या अक्षरांत एकत्र छापावीत, अशी माझी विनंती आहे. हयातीचा दाखला देण्यासाठी निवृत्त मंडळी नोव्हेंबरमध्ये बँकेत जातातच. त्याच्या आधीच्या आठवड्यात ती छापली, तर तो कागद हातात घेऊनच त्यांना शाखेत विचारणा करता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्तिवेतनधारक वाचक