नॅन्सी ड्रू पुन्हा वाचताना

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

नॅन्सी ड्रू या किशोरवयीन हेर मुलीच्या गोष्टींची मालिका पुन्हा वाचायला काढतेच आहेस, तर पहिल्या पुस्तकाच्या दोन प्रती मिळव. ‘द सीक्रेट ऑफ द ओल्ड क्लॉक’ या एकाच नावाची दोन पुस्तकं आहेत: एक १९३०चं, दुसरं १९५९ साली नव्याने लिहिलेलं. दुकानात सहसा दुसरंच मिळतं.

हातातली प्रत कुठली, ते अनुक्रमणिकेवरून ओळख. २५ प्रकरणं असली तर जुनी, २० असली तर नवी. कॉपीराइटच्या पानावर १९३० दिसलं म्हणून फसू नकोस, ते साल नव्या प्रतीतही छापतात. पुस्तकाच्या पिवळ्या कण्यावरही जाऊ नकोस. तो १९६२ पासून आला, पण पहिल्या ३४ पुस्तकांचं पुनर्लेखन सत्तरच्या दशकापर्यंत रेंगाळलं, त्यामुळे मालिकेतल्या काही पिवळ्या प्रतींत जुनाच मजकूर आहे. जुनी प्रत मिळेना, तर ॲपलवूड या प्रकाशनाने १९९१ पासून काढलेलं मूळ बरहुकूम पुनर्मुद्रण घे.

आता दोन्हींचं पहिलं प्रकरण शेजारी ठेवून वाच. १९३०ची नॅन्सी सोळा वर्षांची. वारलेल्या क्राउली नावाच्या म्हाताऱ्याची इस्टेट टॉपहॅम कुटुंबाला जाणार, हे तिला खटकतं आणि ती वडिलांशी त्यावर बोलत बसते. १९५९ची अठराची, गाडी चालवते आहे, आणि काही पानांतच एक लहान मुलगी पुलावरून खाली पडते. पुनर्लेखनाची सगळी रीत इथे दिसते: आधी प्रसंग, बोलणं मागाहून. वेग वाढला खरा, पण जुन्या नॅन्सीचा फटकळपणा गेला, आणि मला तोच जास्त आवडतो.

तळ्याकाठच्या बंगल्याचा भाग मात्र सावकाश वाच. चोर नॅन्सीला कपाटात कोंडतात आणि रखवालदार जेफ टकर तिला सोडवतो. १९३०मध्ये तो कृष्णवर्णीय आहे, दारू प्यायलेला, तोंडी मुद्दाम मोडकी भाषा दिलेला. हे अपमानास्पदच आहे, त्याला काळाची सबब देऊ नकोस. पण १९५९मध्ये काय केलं, तेही बघ. त्याला माणसासारखं रंगवायचं सोडून त्याची जागा एका गोऱ्या माणसाला दिली. अपमान पुसताना माणूसही पुसला गेला.

मुखपृष्ठावर जिचं नाव असतं, ती कॅरोलिन कीन नावाची लेखिका नव्हतीच. एडवर्ड स्ट्रॅटमायरच्या सिंडिकेटमध्ये, म्हणजे पुस्तकमालिका तयार करून देणाऱ्या त्याच्या कंपनीत, कथेचा आराखडा ठरे आणि लेखन दुसऱ्याकडून करून घेत. पहिल्या ३० पैकी २३ पुस्तकं मिल्ड्रेड वर्ट बेन्सन यांनी लिहिली. सुरुवातीला एका पुस्तकाचे एकरकमी १२५ डॉलर, हक्कही नाहीत, नावही नाही. या पुस्तकांच्या प्रकाशनहक्कांवरून झालेल्या १९८०च्या खटल्यात त्यांनी साक्ष दिली, तेव्हा कुठे त्यांचं नाव उजेडात आलं. जुनी प्रत वाचताना त्यांचं नाव मनात असू दे.

बेस आणि जॉर्ज या नॅन्सीच्या मैत्रिणींना पहिल्या चार पुस्तकांत शोधू नकोस. त्या पाचव्यात येतात, तोवर मैत्रीण हेलन कॉर्निंग. तिचा मित्र नेड सातव्यात भेटेल.

तुझी,
आई