जिनिव्हात रिन्यू, न्यूपोर्टमध्ये रद्द: ट्रेडमार्कच्या ब्रिटिश नोंदीबद्दल खुले पत्र

माननीय केंद्रीय वाणिज्य व उद्योगमंत्री, भारत सरकार
यांना सविनय नमस्कार.

एकाच अर्जावर अनेक देशांत ट्रेडमार्क नोंदवू देणाऱ्या माद्रिद प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय करारात भारत 8 जुलै 2013 रोजी आला आणि मसाले, लोणची, आंब्याचा पल्प परदेशी पाठवणाऱ्या आपल्या निर्यातदारांची मोठी सोय झाली. इथूनच एक अर्ज करायचा, त्यात युरोपीय संघ निवडायचा, की ब्रिटनही त्यातच येई. 31 डिसेंबर 2020 रोजी ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ संपला आणि ही सोय गेली. दुसऱ्या दिवशी ब्रिटनने संघात संरक्षण मिळालेल्या प्रत्येक ट्रेडमार्कची तशीच स्वतंत्र नोंद, म्हणजे जोडनोंद, आपल्या रजिस्टरवर केली. शुल्क घेतले नाही, अर्ज मागितला नाही. पण प्रमाणपत्रही पाठवले नाही. आपल्या नावावर ब्रिटनमध्ये वेगळी नोंद आहे, हेच त्यामुळे कित्येक मालकांना माहीत नाही.

खरा घोटाळा रिन्युअलच्या वेळी होतो. माद्रिदमार्गे झालेल्या नोंदीच्या ब्रिटिश जोडनोंदीचा क्रमांक यूके008 ने सुरू होतो. स्पेनमधल्या अलिकांतेला असलेल्या संघाच्या ट्रेडमार्क कार्यालयात थेट नोंदलेल्या मार्काचा यूके009 ने. यूके008 ची नोंद माद्रिदच्या साखळीतून पूर्ण सुटलेली आहे. समजा, आंतरराष्ट्रीय नोंद ऑगस्ट 2016 ची आहे. ऑगस्ट 2026 मध्ये मालक माद्रिद नोंदी सांभाळणाऱ्या जिनिव्हाच्या कार्यालयाला पैसे भरेल, पावती फायलीला लावेल आणि निश्चिंत होईल. त्या पैशांतून युरोपीय संघातली नोंद पुढे चालेल, ब्रिटनमधली चालणार नाही. तिची मुदत त्याच दिवशी संपते, पण तिचे शुल्क वेल्समधल्या न्यूपोर्टला असलेल्या ब्रिटिश ट्रेडमार्क कार्यालयात वेगळे भरावे लागते. जादा शुल्क देऊन आणखी 6 महिने मिळतात. तेही हुकले की नोंद रजिस्टरवरून जाते, आणि तेच नाव लेस्टरमधल्या एखाद्या वितरकाने स्वतःच्या नावे नोंदवले तर ते परत मिळवायला वकिलाच्या फीचा मोठा खर्च पडतो.

दुसरी अडचण वापराची. सलग 5 वर्षे न वापरलेला मार्क कोणीही अर्ज करून रद्द करून घेऊ शकतो. जोडनोंदींसाठी 2020 अखेरपर्यंत युरोपीय संघात कुठेही झालेली विक्री धरली जाई, म्हणून नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमची बिलेही कामी येत. 1 जानेवारी 2026 पासून मागची 5 वर्षे मोजली की सगळा काळ ब्रेक्झिटनंतरचाच निघतो. आता ब्रिटनमधलीच विक्री दाखवावी लागते: तिथल्या ग्राहकाच्या पत्त्याची बिले, तारखेसह वेष्टनाचे फोटो, आणि तेही मालागणिक. नोंदणीसाठी मालाचे क्रमांकाने वर्ग पाडलेले असतात; वर्ग 30 मधल्या मसाल्याच्या बिलांनी वर्ग 29 मधले लोणचे वाचत नाही. नोंद रोमन लिपीतल्या नावाची आणि डब्यावर नाव फक्त देवनागरीत, असे असेल तर तो नोंदलेल्याच मार्काचा वापर आहे का, इथूनच वाद सुरू होतो. उलट बाजूही तितकीच धोक्याची आहे: माल फक्त ब्रिटनमध्येच जात असेल, तर संघातली नोंद न वापरल्यामुळे रद्द होऊ शकते.

पत्रव्यवहाराच्या पत्त्याचेही तसेच. जोडनोंदींना युरोपातला जुना पत्ता चालवून घेण्याची सवलत 31 डिसेंबर 2023 ला संपली. आता नोंदीविरुद्ध अर्ज आला आणि मालकाने मुदतीत ब्रिटनमधला पत्ता दिला नाही, तर बचाव न ऐकताच निकाल लागू शकतो.

डिझाइनच्या, म्हणजे वस्तूच्या किंवा वेष्टनाच्या रूपाच्या, ब्रिटिश जोडनोंदींचे शुल्कही वेगळेच, आणि तेही दर 5 वर्षांनी. नोंदणी न केलेल्या डिझाइनला ब्रिटन आणि संघ दोन्हीकडे 3 वर्षांचे आपोआप संरक्षण आहे, पण ब्रिटनमधले संरक्षण नवा नमुना प्रथम कुठे दाखवला यावर ठरते.  फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आधी मांडला तर ते हातचे जाते. त्यामुळे प्रदर्शनाच्या आधीच, नाहीतर दाखवल्यापासून 12 महिन्यांच्या आत, दोन्हीकडे अर्ज करणे हाच सुरक्षित मार्ग. संघातल्या एका डिझाइनच्या अर्जाला 1 मे 2025 पासून 350 युरो लागतात.

आमची मागणी खर्चाची नाही. 2013 ते 2020 दरम्यान माद्रिद अर्जात युरोपीय संघ निवडणाऱ्या भारतीय अर्जदारांची नोंद आपल्याच ट्रेडमार्क रजिस्ट्रीकडे आहे. त्या प्रत्येकाला मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ, ज्याला जी कळते त्या भाषेत एक पत्र जावे: तुमचा यूके008 क्रमांक हा, मुदत या तारखेला संपते, पैसे न्यूपोर्टला वेगळे भरा. जे थेट अलिकांतेला गेले ते या यादीत सापडणार नाहीत. त्यांच्यासाठी दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये होणाऱ्या आयात-निर्यात कोडच्या अद्ययावतीकरणात एकच प्रश्न घालावा: ‘तुमचा ट्रेडमार्क 2021 पूर्वी युरोपीय संघात नोंदलेला आहे का?’ ‘हो’ म्हणणाऱ्याला हीच माहिती तिथेच दिसावी.

ऑगस्ट 2016 च्या नोंदींना हे पत्र ऑगस्ट 2026 च्या आधी मिळायला हवे.

आपले,
निर्यातदारांच्या ट्रेडमार्क व डिझाइन नोंदणीचे काम करणारे